मानेचा ‘कट्’ आवाज आणि चोवीस सिटिंगचं पॅकेज

पत्र: मी ३९ वर्षांची, फोंड्याहून रोज पणजीला कारने नोकरीला जाते. नऊ दिवसांपूर्वी मेरशीच्या सिग्नलला गाडी थांबलेली असताना पावसात मागून रेंट-अ-कार येऊन आदळली. तेव्हा काहीच वाटलं नाही, उतरून बंपरचे फोटोही काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उशीवरून डोकं उचलवेना. इस्पितळात एक्स-रे झाला, ‘हाड शाबूत आहे’ म्हणाले, मऊ पट्टा आणि गोळ्या दिल्या. पट्टा मी झोपताना सोडून दिवसभर घालते. मान डावीकडे वळते, उजवीकडे अर्धीच. डोक्याच्या मागून कपाळापर्यंत ठणका लागतो. आणि गेले तीन दिवस रात्री उजव्या अंगठ्यात आणि तर्जनीत मुंग्या येतात. दिरांनी एका कायरोप्रॅक्टरचं (हाताने झटका देऊन मणके ‘बसवणाऱ्याचं’) नाव सुचवलं. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक्स-रे पाहून ‘मानेची कमान गेली आहे, २४ सिटिंग लागतील’ असं कळवलं. आगाऊ पैसे भरले तर सवलत आहे. जाऊ का? चवथ (गणेश चतुर्थी) दोन आठवड्यांवर आली आहे आणि घरची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) मीच बांधते. विम्याचा माणूसही कागदांवर सही मागतो आहे.
— फोंडा तालुक्यातील एक वाचक

ताई, आगाऊ पैसे भरू नका. आणि तूर्त कोणालाही मान झटक्याने फिरवू देऊ नका: कायरोप्रॅक्टरला नाही, तेल लावून मान ओढणाऱ्याला नाही.

कारण तुमच्या मुंग्या. एक्स-रे निघाला तेव्हा त्या नव्हत्या, म्हणजे ज्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासलं त्यांना त्या ठाऊकच नाहीत. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) अस्थिरोग ओपीडीत किंवा जवळच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे या दोन-तीन दिवसांतच जा आणि आधी बोटांचं सांगा, मान दुखते ते नंतर. अंगठा आणि तर्जनी हा मानेच्या सहाव्या नसेचा इलाखा. ती पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधून बाहेर पडते. मधलं बोट सातवीचं, करंगळी आठवीची. डॉक्टर कोपराच्या खळगीत हातोडी मारून झटका येतो का पाहतील, मनगट वर उचलायला लावून त्याला विरोध करतील, टाचणीने दोन्ही हातांची तुलना करतील आणि डोकं दुखऱ्या बाजूला कलवून वरून हळू दाबतील. दाबल्यावर मुंग्या हातात उतरल्या तर नस मानेत चेपते आहे असं धरतात. ताकद किंवा झटका कमी सापडला तर एमआरआय सांगतील. नुसत्या मुंग्यांना बहुतेक वेळा काही आठवडे थांबून बघतात, तेव्हा ‘एमआरआय का नाही काढत’ म्हणून हट्ट धरू नका.

घरी एक गोष्ट मात्र आजच पाहता येईल. रात्री मुंग्यांनी जाग आली की हात झटका. झटकून बरं वाटलं तर भानगड मनगटातही असू शकते. धक्का बसताना स्टिअरिंग घट्ट धरलेलं असेल तर मनगटही दुखावतं, आणि मनगटातली नस दबली की याच बोटांना रात्री मुंग्या येतात. झटकून फरक पडला नाही तर उजवा तळहात डोक्यावर ठेवून मिनिटभर पडून राहा. तेवढ्याने मुंग्या ओसरल्या तर नस मानेत ताणली जात असण्याची शक्यता जास्त. यातलं काय झालं ते लिहून डॉक्टरकडे न्या. त्यांची निम्मी चौकशी तिथेच संपेल.

ओपीडीची वाट न पाहता १०८ ला फोन करावा अशा खुणा वेगळ्या आहेत. दोन्ही हातांत किंवा पायांत मुंग्या, चालताना पाय लटपटणं, हातातून भांडी सुटणं, लघवीवरचा ताबा जाणं हा मज्जारज्जूचा मामला. दुसरा मामला मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा: एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळताना त्रास, अचानक गरगरून पडणं, अर्धा चेहरा बधिर होणं, एका डोळ्याची पापणी खाली येणं, किंवा ‘असं डोकं आयुष्यात दुखलं नव्हतं’ असं वाटावं इतकं डोकं दुखणं.

या रक्तवाहिनीपाशी थोडं थांबायला हवं, कारण झटका द्यायचा की नाही हा प्रश्न तिच्यापाशीच येतो. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी भोकं असतात आणि त्यांतून एकेक धमनी वर जाते. पहिल्या मणक्यापाशी ती जवळजवळ काटकोनात वळते, म्हणून मान जोरात फिरली की ताण तिथेच येतो. अपघाताच्या हिसक्याने तिच्या आतल्या अस्तराला चीर गेलेली असू शकते. असं क्वचित होतं, पण होतं, आणि सुरुवातीला लक्षण म्हणून फक्त मान आणि डोक्याची मागची बाजू दुखते. म्हणजे अगदी तुमच्या तक्रारीसारखंच. तुम्हाला तसं झालंय असं अजिबात म्हणायचं नाही. पण ताज्या अपघातानंतर ते नाही याची खात्री होईपर्यंत मान टोकापर्यंत पिळून झटका देणं म्हणजे उगाच जुगार. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर न्हावी हनुवटी धरून मान ‘कट्’ करतो तेही याच कारणासाठी घरातल्या पुरुषांनी बंद करावं. तिथे तर आधी कोणी काही विचारतही नाही.

आता तो ‘कट्’. मणका सरकला होता आणि जागेवर बसला, असं त्या आवाजावरून सांगितलं जातं. ते खरं नाही. सांध्याच्या आत वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्याने विलग झाला की आतला दाब उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. २०१५ साली चालू एमआरआयखाली बोटं मोडताना ही पोकळी तयार होताना पाहिली गेली. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटं जातात. आवाजानंतर थोडा वेळ हलकं वाटतं हे खरं आहे, स्नायू सैल पडतात आणि वेदना दबते. पण त्याने सरकलेलं काही बसत नाही, कारण सरकलेलं काही नसतंच. अपघातात खरंच मणका निखळला असता तर तुम्हाला इस्पितळातून घरी सोडलंच नसतं.

‘कमान गेली’ हेही तसंच. मान बाजूने पाहिली तर पुढे किंचित बाक असतो. दुखणाऱ्या मानेचे स्नायू आखडले की तो बाक एक्स-रेत सरळ दिसतो, आणि फोटोच्या वेळी हनुवटी जरा खाली घेतली तरी सरळ दिसतो. मान कधीच न दुखलेल्या अनेक माणसांच्याही एक्स-रेत मान सरळच असते. रिपोर्टमधल्या या एका ओळीवर २४ सिटिंगचा हिशेब मांडला जातो आणि शेवटी पुन्हा एक्स-रे काढून ‘बघा, कमान आली’ म्हणून दाखवतात. तोवर आखडलेले स्नायू त्यांचे ते सुटलेलेच असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एक्स-रे बघून, मानेला हात न लावता किती सिटिंग ते सांगणाऱ्याने तुमच्या बोटांबद्दल विचारलं का?

तुमच्या मानेला झालं काय, ते कळलं की पुढचं सोपं जातं. मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं मात्र जागच्या जागी राहू बघतं. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात मानेचा खालचा भाग मागे वाकतो आणि वरचा पुढे, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा. स्नायू सावरायच्या आत हे होऊन जातं. त्यात मणक्यांमागचे छोटे सांधे चिमटले जातात, त्यांची आवरणं ताणतात. सूज चढायला काही तास लागतात, म्हणून तुम्ही उतरून फोटो काढू शकलात आणि दुखणं दुसऱ्या सकाळी आलं. कपाळाच्या ठणक्याचं मूळही मानेतच आहे: वरच्या तीन मणक्यांच्या नसा आणि चेहऱ्याची नस आत एकाच ठिकाणी येऊन मिळतात, मेंदूला फरक कळत नाही. हाडाचा एक्स-रे स्वच्छ असून दुखतं ते यामुळेच. सांध्यांची आवरणं एक्स-रेत दिसत नाहीत.

अशा मानेला विश्रांती फार दिली की ती आणखी आखडते. म्हणून पट्टा आता उतरवायचा. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी अर्धा तास काढा, दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस, तिसऱ्या दिवशी फक्त कोणाच्या गाडीत बसून जाताना ठेवा, चौथ्या दिवशी कपाटात. डॉक्टरांनी तपासून नस किंवा हाडाबद्दल वेगळं सांगितलं तर अर्थात त्यांचंच ऐका. गोळ्यांत पॅरासिटामॉल ६५० पुरते, सहा-सहा तासांच्या अंतराने, दिवसाला चारच्या वर नको. यकृताचा त्रास असेल तर आधी विचारा. पित्त, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल तर आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका. शेकायची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून १५ मिनिटं. कुशीवर झोपत असाल तर उशी खांद्याच्या टोकापासून कानापर्यंतची जागा भरेल एवढीच. पालथं झोपणं सध्या बंद.

व्यायाम डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर. पहिला अगदी साधा आहे आणि लोक तोच टाळतात. उताणं पडा, डोक्याखाली दोन घड्यांचा टॉवेल, आणि डोकं न उचलता उजवीकडे लोळवा. ओढ लागली की थांबा, दुखेपर्यंत जायचं नाही. मग डावीकडे. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा, जागेपणी दर दोन तासांनी. एकदाच सकाळी पन्नास वेळा करून भागत नाही.

दुसरा बारकाईने करायचा. त्याच स्थितीत नुसता ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी अर्धा इंच गळ्याकडे आणा. डोकं टॉवेलवरून उचलायचं नाही आणि त्यात दाबायचंही नाही. दहा सेकंद धरा, सोडा, दहा वेळा, दिवसातून दोनदा. हे करताना दोन बोटं कानाखालून छातीच्या हाडाकडे उतरणाऱ्या दोरीसारख्या स्नायूवर ठेवा. ती दोरी बोटाखाली कडक झाली तर तुम्ही चुकीच्या स्नायूने काम करताय. जीभ टाळूला लावा, दात सुटे ठेवा आणि जोर निम्मा करा. हिसक्यानंतर मानेच्या आतले, मणक्याला लागून असलेले बारीक स्नायू गप्प बसतात आणि वरचे मोठे स्नायू त्यांचं ओझं वाहतात. ते थकले की संध्याकाळी खांदे दगडासारखे लागतात. आतल्यांना जागं करायला जोर लागत नाही, चिकाटी लागते.

तिसरा बसून: दोन्ही खवाटे (पाठीवरची खांद्याची चपटी हाडं) एकमेकांकडे आणि खाली, पाच सेकंद, दहा वेळा. यात खांदे कानांकडे जातात ती चूक. तिसऱ्या आठवड्यापासून कानशिलावर तळहात ठेवून डोक्याने त्याला रेटायचं, पण डोकं हलू द्यायचं नाही. पाव ताकद, पाच सेकंद, चारही बाजूंना पाच-पाच वेळा.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी दोन अंकांनी वाढलं आणि अर्ध्या तासात बसलं तर चालवून घ्या. मुंग्या अंगठ्याकडे जास्त पसरल्या तर तो व्यायाम त्या दिवशी थांबवा. उलट हातातल्या मुंग्या कमी होऊन दुखणं मानेजवळ गोळा झालं, तर मान थोडी जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण.

मान वळवताना तरंगल्यासारखं वाटत असेल तर फिजिओथेरपिस्टला एक चाचणी करायला सांगा. कपाळाच्या पट्ट्यावर लेझर लावून भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर बसवतात, डोळे मिटून मान वळवून पुन्हा मध्यावर आणायला सांगतात. ठिपका मूळ जागेपासून सुमारे ७ सेंटिमीटरहून जास्त चुकला तर मानेची दिशेची जाणीव बिघडली आहे, आणि तिचे व्यायाम वेगळे असतात. रिकाम्या भिंतीवर दिसणारी ही चूक बघून अनेकांना प्रथमच पटतं की आपल्याला भास होत नव्हते.

आता माटोळी. ती बांधताना हात डोक्यावर असतात आणि नजर वर. मान मागे गेली की मणक्यांच्या बाजूची, नस बाहेर पडायची फट अरुंद होते. म्हणजे तुमच्या नसेला नको तीच पोज, आणि तीही स्टुलावर उभं राहून तासभर. या वर्षी नारळ, सुपारीचे घड, रानफळं निवडून टेबलावर छातीच्या उंचीला बसून जुड्या बांधून द्या. स्टुलावर दिरांना चढू दे, कायरोप्रॅक्टर त्यांनीच सुचवला आहे. विळीवर खाली मान घालून नेवऱ्यांसाठी (करंज्यांसाठी) ढीगभर नारळ खोवणं हेही दुसऱ्याला द्या, किंवा एका वेळी एकच वाटी खोवून उठा. विहिरीचं पाणी ओढणं बंद.

गाडी कधी चालवायची? उजवीकडे खांद्यावरून मागे बघता येईपर्यंत नाही, आणि पट्टा घालून तर नाहीच. तोवर पणजीला कदंब बसने जा. मागच्या सीटवर बसू नका, बाणस्तारीच्या खड्ड्यांचा सगळा दणका तिथे बसतो. स्कूटरवर मागे बसून हेल्मेटचं किलो-सव्वा किलोचं ओझं मानेवर घेणंही महिनाभर टाळा.

कायरोप्रॅक्टरचं दार कायमचं बंद आहे असं आमचं म्हणणं नाही. १८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यात सुरू झालेली ही पद्धत काही देशांत नीट शिकवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत किमान ४२०० तासांचं शिक्षण सांगितलं आहे, त्यातले १००० तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. भारतात मात्र तिच्यासाठी वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे आठवड्याच्या शिबिरात शिकलेला माणूसही तीच पाटी लावू शकतो. फिजिओथेरपी मात्र आरोग्य-व्यवसायांच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आलेली आहे. मुंग्या गेल्या, डॉक्टरांनी मोकळीक दिली आणि तरीही सहा आठवड्यांनी मान अडूनच राहिली, तर हाताने सांधे मोकळे करून घ्यायला हरकत नाही. ते मॅन्युअल थेरपी शिकलेला फिजिओथेरपिस्टही करतो. मानदुखीत हळुवार, लयीत सांधा हलवणं आणि झटका देणं यांच्या फायद्यात अभ्यासांमध्ये फारसा फरक दिसलेला नाही, मग कमी धोक्याचं का नको?

जाल तिथे पदवी कुठली आणि किती वर्षांची हे थेट विचारा. आधी तपासणी, रक्तदाब, हातांची ताकद पाहतात का बघा. मान पिळून झटका नको असं लेखी द्या. पाठीच्या वरच्या भागाला दिलेला दाब त्यापेक्षा बरा. चार ते सहा सिटिंगनंतर मान किती अंश जास्त वळते ते मोजून दाखवा म्हणा, आणि फरक नसेल तर उठा. आगाऊ पॅकेज नको. दुखणं वाढलं तरी ‘विष बाहेर पडतंय’ असं ऐकवणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. आणि हनुवटीला पट्टा बांधून डोकं एका झटक्यात ओढायचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांतलं अपघाताच्या मानेवर काहीही नको.

बरं व्हायला किती दिवस? सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होते. काहींचं दुखणं रेंगाळतं. पण गाडी किती वेगात आदळली यापेक्षा सुरुवातीला किती जास्त दुखलं, झोप किती गेली आणि मान हलवायची भीती किती बसली यावर ते जास्त अवलंबून असतं.

विम्याबद्दल थोडक्यात. गाडीच्या दुरुस्तीचा दावा आणि तुमच्या शरीराचा दावा वेगळे. दुरुस्तीच्या कागदावर सही करा, पण त्यात दुखापतीची ‘पूर्ण आणि अंतिम भरपाई मिळाली’ अशी ओळ असेल तर मुळीच नाही. मुंग्या तीन दिवसांच्या आहेत, अंतिम काय ते आज कोणालाच माहीत नाही. पोलिसांकडची नोंद, इस्पितळाचा ‘रस्ता अपघात’ असा उल्लेख असलेला केसपेपर, बिलं आणि रजेचा दाखला एका फाइलमध्ये ठेवा. मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज करायला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तिच्या आतच वकिलाला भेटा. २०२५ च्या केंद्राच्या योजनेत ठरलेल्या इस्पितळांत अपघातग्रस्ताला दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात, पण अपघातापासून सात दिवसच. तुमचे ते दिवस गेले, इतर वाचकांनी लक्षात ठेवावं.

गाडी गॅरेजमधून परत आली की चालवायच्या आधी हेडरेस्ट बघा. ते वर ओढून त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या रेषेत आणा. निदान कानाच्या वरच्या टोकाखाली तरी राहू देऊ नका. डोकं आणि हेडरेस्ट यांत तीन बोटांपेक्षा जास्त अंतर राहत असेल तर सीटची पाठ थोडी सरळ करा. आणि सिग्नलला उभं असताना मागच्या आरशात कोणी ब्रेक न लावता येताना दिसलं, तर वळून बघू नका: डोकं मागे हेडरेस्टला टेकवा, नजर सरळ समोर. वळलेल्या मानेला तोच धक्का जास्त महागात पडतो.